ओरेगन आरोग्य विमा प्रयोग

ओरेगन आरोग्य विमा प्रयोग हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओरेगन राज्यात २००८ साली काढण्यात आलेल्या सोडतीवर आधारलेला संशोधन प्रकल्प आहे. अल्प उत्पन्न गटातील प्रौढांसाठीच्या शासकीय आरोग्य विम्यात जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे राज्य शासनाने चिठ्ठ्या काढून लाभार्थी निवडले. सोडतीत नाव आलेल्या व न आलेल्या व्यक्तींची तुलना करून, विमा मिळाल्याने वैद्यकीय सेवेचा वापर, कुटुंबाची आर्थिक स्थिती आणि प्रकृती यांत नेमका कोणता फरक पडतो, याचा अभ्यास करण्यात आला. अमेरिकेत विमा असणे व विमा नसणे यांच्या परिणामांची यादृच्छिक निवडीच्या आधारे झालेली ही पहिली मोठी तुलना मानली जाते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एमी फिंकेलस्टाइन आणि त्यावेळी हार्वर्ड विद्यापीठात असलेल्या कॅथरीन बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रकल्पाचे नेतृत्व केले.

पार्श्वभूमी

मेडिकेड ही अमेरिकेतील गरीब नागरिकांसाठीची शासकीय आरोग्य विमा योजना १९६५ साली सुरू झाली. तिचा खर्च केंद्र शासन व राज्य शासन मिळून करतात. मात्र गरीब असणे एवढीच पात्रता दीर्घकाळ पुरेशी नव्हती. मुले, गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्ती, अल्प उत्पन्नाचे वृद्ध आणि लहान मुलांचे काही पालक अशा ठरावीक वर्गांनाच तिचा लाभ मिळत असे. धडधाकट पण निर्धन प्रौढ व्यक्ती बहुतेक राज्यांत तिच्या कक्षेबाहेर राहिली.

ओरेगन राज्याने याबाबत वेगळी वाट धरली. व्यवसायाने आपत्कालीन विभागातील डॉक्टर असलेले जॉन किट्झहॅबर राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष असताना, १९८९ मध्ये, 'ओरेगन आरोग्य योजने'चा कायदा संमत झाला. उपचारांची प्राधान्यक्रमाने यादी करावी, निधी पुरेल तेथपर्यंतचेच उपचार द्यावेत, परंतु ते अधिकाधिक गरिबांना द्यावेत, असे तिचे तत्त्व होते. १९९४ मध्ये योजना अमलात आली. पुढे २००३ मध्ये तिचे दोन भाग करण्यात आले. कायद्याने मेडिकेडला पात्र असलेल्यांसाठी 'प्लस' आणि त्या वर्गांत न बसणाऱ्या गरीब प्रौढांसाठी 'स्टँडर्ड', अशी त्यांची नावे होती.

राज्याच्या तिजोरीवर ताण आल्याने २००४ मध्ये 'स्टँडर्ड' योजनेत नव्या नोंदी बंद झाल्या. २००२ च्या आरंभी अशा प्रौढ लाभार्थ्यांची संख्या सुमारे १,१०,००० होती. गळती होत होत ती २००८ च्या आरंभी सुमारे १९,००० वर आली. त्यामुळे आणखी सुमारे १०,००० व्यक्तींना सामावून घेता येईल, असा हिशेब राज्याने केला. इच्छुकांची संख्या त्याहून कितीतरी अधिक असणार हे उघड होते. अर्ज आधी करणाऱ्याला आधी जागा दिली असती, तर ज्याला बातमी लवकर कळली आणि ज्याला सवड होती त्याचाच लाभ झाला असता. सर्वांना समान संधी मिळावी म्हणून राज्याने सोडतीचा मार्ग निवडला. अशा निवडीसाठी केंद्र शासनाची परवानगीही घेण्यात आली. ही सोडत प्रशासनाच्या गरजेतून निघाली होती, संशोधनासाठी नव्हे. संशोधकांनी तिच्यातील संधी ओळखून तिचा उपयोग करून घेतला.

संशोधनातील मूळ अडचण

विमाधारक आणि विमा नसलेले यांची थेट तुलना केल्यास दिशाभूल होण्याचा धोका असतो. अमेरिकेत बहुतेकांना विमा नोकरीमार्फत मिळतो; त्यामुळे विमाधारक सरासरीने अधिक सधन, अधिक शिकलेले व अधिक निरोगी असतात. त्यांची प्रकृती चांगली असल्याचे श्रेय विम्याला द्यावे की त्यांच्या परिस्थितीला, हे सांगता येत नाही. याउलट, मेडिकेडमध्ये अनेकदा व्यक्तीची नोंद ती आजारी पडून रुग्णालयात गेल्यावरच होते. म्हणून मेडिकेडचे लाभार्थी इतर गरिबांपेक्षा अधिक आजारी दिसतात आणि विमा घेतल्याने प्रकृती बिघडते, असा विपरीत निष्कर्ष आकड्यांतून निघू शकतो. या दोषाला निवड-पक्षपात म्हणतात.

चिठ्ठ्या टाकून निवड केली की हा दोष दूर होतो. दोन्ही गटांत वय, शिक्षण, उत्पन्न, आजारपण आणि स्वभाव यांचे प्रमाण सरासरीने सारखेच राहते. पुढे त्यांच्यात जो फरक आढळेल तो सोडतीमुळेच पडला, असे म्हणता येते. नव्या औषधाची परीक्षा घेताना हीच पद्धत वापरतात. मात्र कोणाला मुद्दाम विम्यावाचून ठेवणे नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नसल्याने विम्याच्या बाबतीत असा प्रयोग सहसा करता येत नाही. ओरेगनमध्ये जागाच अपुऱ्या असल्यामुळे काही जण वगळले जाणे अटळ होते.

सोडत

२८ जानेवारी ते २९ फेब्रुवारी २००८ या काळात इच्छुकांची नावे प्रतीक्षा यादीत नोंदवून घेण्यात आली. एकूण ८९,८२४ व्यक्तींनी नावे दिली. मार्च ते सप्टेंबर २००८ या काळात आठ वेळा सोडत निघाली आणि ३५,१६९ व्यक्तींची निवड झाली. सोडतीत नाव आलेल्या व्यक्तीला स्वतःसाठी आणि घरातील इतर प्रौढांसाठी अर्ज करता येत असे.

नाव निघाले म्हणजे विमा मिळाला, असे नव्हते. अर्ज ४५ दिवसांत भरून पाठवावा लागे. अर्जदार १९ ते ६४ वर्षे वयाचा, ओरेगनचा रहिवासी, अमेरिकेचा नागरिक किंवा कायदेशीर स्थलांतरित असणे आवश्यक होते. त्याच्याकडे मागील सहा महिने विमा नसावा, त्याची मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा कमी असावी आणि उत्पन्न केंद्र शासनाच्या दारिद्र्यरेषेखाली असावे, अशा अटी होत्या. २००८ मध्ये ही रेषा एकट्या व्यक्तीसाठी वार्षिक १०,४०० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी २१,२०० डॉलर होती. निवड झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनीच अर्ज परत पाठवले. त्यांतील जवळपास निम्मे अर्ज, मुख्यतः उत्पन्नाच्या अटीमुळे, अपात्र ठरले. परिणामी निवड झालेल्या दर १०० व्यक्तींपैकी सुमारे ३० जणांचीच योजनेत प्रत्यक्ष नोंद झाली.

योजनेत डॉक्टरांची तपासणी, औषधे, रुग्णालयातील उपचार आणि मानसिक आरोग्यसेवा यांचा समावेश होता. उपचाराच्या वेळी काही रक्कम भरावी लागत नसे. उत्पन्नानुसार मासिक हप्ता शून्य ते २० डॉलर एवढाच होता. डोळ्यांच्या सेवा आणि तातडीचे नसलेले दंतोपचार योजनेत नव्हते.

अभ्यासपद्धती

मुख्य अभ्यासात ७४,९२२ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी २९,८३४ व्यक्ती निवड झालेल्या गटातील, तर ४५,०८८ व्यक्ती नियंत्रण गटातील होत्या. माहिती तीन मार्गांनी गोळा करण्यात आली. पहिला मार्ग शासकीय व व्यावसायिक नोंदींचा होता. त्यात रुग्णालयातील दाखले, आपत्कालीन विभागातील भेटी, पतसंस्थांच्या अहवालांतील थकबाकी आणि मृत्यूच्या नोंदी यांचा समावेश होता. दुसरा मार्ग टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीचा होता. तिसऱ्या मार्गात पोर्टलंड महानगर परिसरातील १२,२२९ व्यक्तींच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला आणि रक्ताचे नमुने तपासण्यात आले. या मुलाखती सप्टेंबर २००९ ते डिसेंबर २०१० या काळात, म्हणजे सोडतीनंतर सरासरी सुमारे दोन वर्षांनी झाल्या. निकाल पाहून सोयीचे निष्कर्ष निवडल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून विश्लेषणाचा आराखडा आधीच तयार करून जाहीर करण्यात आला होता.

निवड झालेल्या अनेकांना विमा मिळाला नाही आणि नियंत्रण गटातील काहींना अन्य मार्गाने मेडिकेड मिळाले. त्यामुळे दोन गटांतील विमाधारकांच्या प्रमाणात शंभरामागे सुमारे २५ व्यक्तींचा फरक पडला. सोडतीचा परिणाम आणि विम्याचा परिणाम या म्हणूनच दोन निरनिराळ्या गोष्टी ठरतात. विम्याचा परिणाम काढण्यासाठी दोन गटांतील फरकाला या प्रमाणाने भागतात, म्हणजेच तो जवळपास चौपट करतात. उदाहरणार्थ, निवड झालेल्या गटात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण नियंत्रण गटापेक्षा शंभरामागे सुमारे अर्ध्या व्यक्तीने अधिक होते. सोडतीमुळे ज्यांना विमा मिळाला त्यांच्यापुरता विचार केल्यास ही वाढ शंभरामागे सुमारे २.१ एवढी येते. या पद्धतीला अर्थशास्त्रात साधन-चल पद्धती म्हणतात. पुढील आकडे अशा रीतीने काढलेले विम्याचे परिणाम आहेत.

निष्कर्ष

वैद्यकीय सेवेचा वापर

पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले आणि २०१२ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विम्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता ३० टक्क्यांनी, बाह्यरुग्ण तपासणीसाठी जाण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे घेण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढली. प्रतिबंधक तपासण्यांतही वाढ झाली. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी आणि कोलेस्टेरॉल तपासणीचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले. उपचारासाठी नेहमीचे एखादे ठिकाण असल्याचे सांगणाऱ्यांत ७० टक्क्यांनी, तर नेहमीचा डॉक्टर असल्याचे सांगणाऱ्यांत ५५ टक्क्यांनी वाढ आढळली.

वाढत्या वापराबरोबर खर्चही वाढला. सुमारे दोन वर्षांनंतरच्या पाहणीत, विमा मिळालेल्या व्यक्तीवरील वार्षिक वैद्यकीय खर्च सुमारे १,१७२ डॉलरने, म्हणजे ३५ टक्क्यांनी अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. वेळीच उपचार मिळाल्याने एकूण खर्च कमी होईल, ही अपेक्षा या कालावधीत खरी ठरली नाही.

आर्थिक संरक्षण

विम्याचा सर्वांत स्पष्ट परिणाम कुटुंबाच्या अर्थव्यवहारावर दिसला. थकलेले वैद्यकीय देयक वसुली संस्थेकडे जाण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी २५ टक्क्यांनी घटले. उपचारांसाठी कर्ज काढणाऱ्यांचे किंवा इतर देणी थकवणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झाले. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारांवर खिशातून खर्च होण्याचा प्रसंग, ज्याला आपत्तीकारक खर्च म्हणतात, जवळजवळ नाहीसा झाला.

शारीरिक व मानसिक आरोग्य

मुलाखती व रक्ततपासण्यांवर आधारित निष्कर्ष २ मे २०१३ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण नियंत्रण गटात ३० टक्के होते. विम्यामुळे ते शंभरामागे सुमारे ९ व्यक्तींनी कमी झाले. आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगणाऱ्यांची संख्याही वाढली. मधुमेहाचे निदान होण्याचे आणि त्यावर औषध घेण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि दीर्घकालीन रक्तशर्करा दर्शवणारे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन या तीन मोजमापांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण सुधारणा आढळली नाही.

आपत्कालीन विभागाचा वापर

अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या व्यक्तीची, तिच्याकडे पैसे असोत वा नसोत, तपासणी करणे आणि तिची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्यामुळे विमा नसलेले लोक साध्या आजारांसाठीही तेथेच जातात आणि विमा मिळाल्यावर ते डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊ लागतील, असा समज रूढ होता. पोर्टलंड परिसरातील १२ रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास जानेवारी २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, तेव्हा चित्र उलट दिसले. सुमारे १८ महिन्यांत विमाधारकांच्या आपत्कालीन विभागातील भेटी ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या. दवाखान्यात उपचार होऊ शकले असते अशा तक्रारींसाठीच्या भेटीही वाढल्या होत्या. विमा नसलेल्या रुग्णाला आपत्कालीन विभागात उपचार मिळत असले, तरी नंतर त्याचे देयक येते. विम्यामुळे त्या देयकाची भीती कमी होते, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. ही वाढ दोन वर्षांपर्यंत टिकून राहिल्याचे २०१६ मधील अभ्यासात आढळले.

इतर परिणाम

शासकीय विमा मिळाल्यावर लोक काम सोडतील, अशी शंका घेतली जात असे. रोजगार किंवा कमाई यांवर लक्षणीय परिणाम झाल्याचे मात्र आढळले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, मेडिकेडवर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरपैकी सुमारे ६० सेंट लाभार्थ्याकडे न जाता, विमा नसलेल्यांच्या उपचारांचा भार पूर्वी उचलणाऱ्या रुग्णालयांसारख्या अन्य घटकांकडे जातात.

वाद आणि मतभेद

२०१३ चे निष्कर्ष राजकीयदृष्ट्या नाजूक वेळी आले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने सर्व राज्यांतील गरीब प्रौढांना मेडिकेड देण्याची तरतूद केली होती. परंतु जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला. प्रत्येक राज्यात त्यावर चर्चा सुरू असतानाच हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रक्तदाब आणि रक्तशर्करा यांत सुधारणा होत नसेल तर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न विस्ताराच्या विरोधकांनी उपस्थित केला. नैराश्य घटले आणि वैद्यकीय कर्जातून सुटका झाली, याकडे समर्थकांनी लक्ष वेधले.

संख्याशास्त्राच्या अंगाने घेतलेला आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. परिणाम आढळला नाही याचा अर्थ परिणाम झाला नाही, असा होत नाही. नियंत्रण गटात रक्तदाब वाढलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्के आणि रक्तशर्करा मधुमेहाच्या पातळीवर असलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच होते. त्यातही निवड झालेल्यांपैकी एक-चतुर्थांशांनाच सोडतीमुळे विमा मिळाला. एवढ्या थोड्या रुग्णांत वैद्यकीयदृष्ट्या अपेक्षित असलेला मध्यम स्वरूपाचा बदल घडला असला, तरी तो या अभ्यासाला निश्चितपणे टिपता आला नसता. संशोधकांनीही आपल्या अंदाजांची मर्यादा विश्वासांतरांच्या रूपाने नमूद केली होती. प्रसारमाध्यमांतील चर्चेत तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष झाले.

याखेरीज अन्य मर्यादाही सांगितल्या जातात. यादीत नाव देणारे लोक स्वेच्छेने आलेले असल्याने ते सर्व गरिबांचे प्रतिनिधी ठरत नाहीत. दोन वर्षांचा काळ जुनाट आजारांच्या दृष्टीने अल्प आहे. तसेच एका राज्यात काही हजार लोकांना विमा देण्याचे परिणाम आणि देशभर लक्षावधी लोकांना तो देण्याचे परिणाम सारखेच असतील असे नाही. मोठ्या विस्तारात डॉक्टरांची व रुग्णालयांची क्षमता हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो.

अन्य संशोधनाशी तुलना

१९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेत सहा ठिकाणी झालेला रँड आरोग्य विमा प्रयोग हा या प्रयोगाचा पूर्वसूरी होय. त्याचे प्रमुख जोसेफ न्यूहाउस पुढे ओरेगन प्रयोगाच्या संशोधकांतही होते. रँड प्रयोगात प्रत्येकाला विमा होता. रुग्णाने खर्चाचा किती वाटा उचलावा एवढेच चिठ्ठीने ठरत असे. पूर्णपणे मोफत सेवा मिळणाऱ्यांनी सेवेचा वापर अधिक केला, पण सरासरी व्यक्तीच्या प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. मात्र गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींना मोफत सेवेचा लाभ झाल्याचे दिसले.

विम्यामुळे मृत्यू टळतात का, या प्रश्नाला ओरेगनची सोडत उत्तर देऊ शकली नाही, कारण अभ्यासाच्या काळात त्या वयोगटात मृत्यूंची संख्या अत्यल्प होती. नंतरच्या एका मोठ्या अभ्यासाने त्याचे उत्तर शोधले. विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांपैकी ३९ लाख कुटुंबांना अमेरिकेच्या प्राप्तिकर विभागाने विम्याची माहिती देणारी पत्रे पाठवली. उरलेली कुटुंबे चिठ्ठीने वगळली गेली. ४५ ते ६४ वर्षे वयोगटात पत्र मिळालेल्या दर १,६४८ व्यक्तींमागे पुढील दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले.

भारतीय संदर्भ

ओरेगनमध्ये सोडत निघाली त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार स्मार्ट कार्डावर मिळत. या विम्याचा यादृच्छिक निवडीने अभ्यास कर्नाटकातील म्हैसूर आणि सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या गुलबर्गा (कलबुर्गी) या दोन जिल्ह्यांत २०१५ ते २०१८ या काळात झाला. त्यात दारिद्र्यरेषेच्या वरील सुमारे १०,९०० कुटुंबे होती. काहींना विमा मोफत, काहींना विकत, तर काहींना विकत पण सोबत रोख साहाय्य देऊन उपलब्ध करण्यात आला. विम्याचा वापर वाढला. तथापि अनेकांना कार्ड प्रत्यक्ष वापरताच आले नाही आणि प्रकृतीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही.

दोन प्रयोगांची तुलना करताना विम्याच्या स्वरूपातील फरक ध्यानात घ्यावा लागतो. ओरेगनच्या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे होती. भारतीय योजना रुग्णालयात दाखल होण्यापुरती मर्यादित होती. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी योजना, तसेच २०१८ मधील प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, यांचा भरही मुख्यतः रुग्णालयीन उपचारांवर आहे. रक्तदाब व मधुमेह यांच्या नेहमीच्या औषधांचा खर्च अशा विम्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्यामुळे ओरेगनचे निष्कर्ष येथील योजनांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

नंतरचा काळ

ओरेगनने आरोग्यसेवा कायद्यानुसार जानेवारी २०१४ पासून मेडिकेडचा विस्तार केला. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेले प्रौढ त्यात थेट पात्र ठरल्याने सोडतीची गरज उरली नाही. एमी फिंकेलस्टाइन यांना २०१२ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघाचे जॉन बेट्स क्लार्क पदक मिळाले. प्रयोगातील व्यक्तींची ओळख पटणार नाही अशा स्वरूपातील माहिती पुढील अभ्यासासाठी खुली करण्यात आली असून, आरोग्य अर्थशास्त्राच्या अध्यापनात तिचा वापर होतो.